जगदाळेकाकूंचा पासवर्ड

इंदूरच्या मराठी घरांत लग्नाची गोष्ट निघाली की दुसऱ्या नाही तर तिसऱ्या वाक्यात जगदाळेकाकूंचं नाव यायचं. "काकूंकडे नाव घातलं का?" एवढं कुणी विचारलं की मुलगा किंवा मुलगी वयात आली, असं समजायचं. मल्हारगंजात भांड्यांच्या एका दुकानावर मराठी मंडळाची खोली होती. तिथे वधू-वर सूचक केंद्राची पाटी लावून काकू रविवारी सकाळी आणि बुधवारी दुपारी बसत. खाली पातेल्यांचा खणखणाट आणि वर पत्रिकांची चर्चा, अशी ती जागा होती. मागच्या उन्हाळ्यात काकू गेल्या. खोलीला सध्या कुलूप आहे.

मी पलासियाला एका सीएच्या ऑफिसात नोकरी करतो. काकूंच्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी एकदा ओढून काढला, आणि तेव्हापासून मल्हारगंजात मी कंप्युटरवाला झालो. माझी लायकी तेवढीच आहे, हे मी त्यांना पुष्कळदा सांगून पाहिलं. त्यांनी मनावर घेतलं नाही. एखाद्याचं एकदा काही ठरवलं की काकू ते बदलत नसत. माझं लग्न त्यांनी जमवलेलं नाही, ही एकच गोष्ट त्या मला अधूनमधून ऐकवत, आणि माझ्या बायकोसमोर तर आवर्जून ऐकवत.

काकूंची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली होती. ट्रंककॉल जोडून द्यायच्या त्या काळात अर्ध्या इंदूरचं सुखदुःख त्यांच्या कानांवरून गेलं असणार. पण त्यातलं एक वाक्य कधी बाहेर आलं नाही. त्या म्हणायच्या, "आमचं काम म्हणजे ऐकायचं, जोडायचं आणि विसरायचं. ऐकलेलं घरी घेऊन जाते ती ऑपरेटर नाही, शेजारीण." लग्नं जुळवतानाही त्यांचा हाच खाक्या होता. कुणाची आधीची सोयरीक का मोडली, कुणाच्या घरी कसलं आजारपण आहे, हे लोक त्यांना मोकळेपणी सांगत, कारण ते तिथेच राहणार याची खात्री असे. माझ्या एका आत्याने समोरच्या घरातल्या मुलीबद्दल सहज म्हणून चौकशी करून पाहिली होती. काकूंनी तिला पोहे खाऊ घातले, वर भरपूर शेव घातली, मुलाबाळांची विचारपूस केली आणि जिन्यापर्यंत पोचवायला आल्या. आत्या घरी येऊन म्हणाली, बाई फार चांगली आहे, पण काही सांगितलंच नाही गं तिने.

माणसं पारखायची त्यांची तऱ्हा निराळी होती. बायोडेटावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. 'स्वभाव शांत' असं लिहिलेलं दिसलं की त्या चष्म्यावरून माझ्याकडे बघत. मग फोन लावत, आणि पगार, फ्लॅट, पत्रिका यातलं काहीही न विचारता म्हणत, "घरी सकाळचा चहा कोण करतं?" पलीकडचा माणूस गोंधळायचा आणि खरं बोलून जायचा. त्या एका उत्तरावरून काकूंना सासू कळे, नवरामुलगा कळे, आणि घरात कोण कोणाला किती विचारतं तेही कळे. एकदा एका मोठ्या बंगलेवाल्यांनी सांगितलं की आमच्याकडे ज्याचा चहा तोच करून घेतो. काकूंनी फोन ठेवला आणि म्हणाल्या, "मतलब, घरात बोलचाल बंद आहे." ते अगदी खरं निघालं.

अशा माणसाच्या हाती मंडळाने कंप्युटर दिला, कारण मुलंमुली ईमेलवर बायोडेटा पाठवू लागली होती. काकू एका बोटाने टाइप करायच्या, पण अजिबात चुकायच्या नाहीत. टपाल उघडावं तशी मेल उघडायच्या, प्रत्येकाला उत्तर द्यायच्या आणि शेवटी 'घरच्या सर्वांना नमस्कार' लिहायच्या.

मेलचा पासवर्ड त्यांनी स्वतः ठेवला होता. मी म्हटलं, "काकू, कुणाला ओळखता येईल असा नको हं." त्यावर त्या गालातल्या गालात हसल्या. म्हणाल्या, "तू फालतूचं टेन्शन नको घेऊ. तो शब्द मी जन्मात कधी तोंडातून काढला नाही. मग कुणाला कळणार कसा?" माझ्या डोक्यात प्रकाश पडायला थोडा वेळ लागला. जगदाळेकाकूंनी नवऱ्याचं नाव ठेवलं होतं.

नवऱ्याचं नाव न घेण्याचा रिवाज काकूंनी कडकपणे पाळला होता. त्यांच्या सासरचे पूर्वी होळकरांच्या फौजेत, त्यामुळे घरातली शिस्त तशी होती. जगदाळेसाहेब होते तोवर 'अहो' आणि 'हे'. साहेब गेल्यावर 'ते'. रेशन दुकानात कार्डावरचं नाव विचारलं तर त्या कार्डच पुढे करत. उखाणासुद्धा त्यांनी कधी घेतला नव्हता. आता वर्षानुवर्षं कुणी ऐकलं नाही ते नाव म्हणजे जगातली सर्वांत सुरक्षित जागा, असा त्यांचा हिशोब होता. मला तो खोडून काढता येईना. शिवाय कीबोर्डवर ते नाव टाइप करताना त्यांचा चेहरा असा काही व्हायचा, की मी खिडकीतून भांडी बघत बसायचो.

दुसरं प्रकरण अँटिव्हायरसचं. मी तो मंडळाच्या पैशाने बसवून दिला आणि काकूंना समजावलं की हा दारावर बसतो. येणाऱ्या प्रत्येक फाइलचा चेहरा बघतो. बदमाशांचे चेहरे त्याच्याकडे आधीच आलेले असतात आणि रोज नवे येतात, म्हणून त्याला अपडेट करू द्यायचं. चेहरा ओळखीचा नसला तरी आत शिरून कुणी भलतंच करायला लागलं तर त्यालाही धरतो, आणि धरलेल्याला क्वारंटाइनमध्ये, म्हणजे एका वेगळ्या कोठडीत टाकतो. काकूंनी सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "कोणाची चूक नसली तर?" मी म्हटलं, कधीकधी चुकून चांगली फाइलही धरली जाते, मग ती सोडवता येते. नको ते सांगून बसलो, कारण काकूंनी तेवढंच लक्षात ठेवलं.

त्या दिवसापासून त्यांनी अँटिव्हायरसला 'चौकीदार' नाव दिलं आणि त्याच्याशी त्यांचं बिनसलं. चौकीदार मध्येच लाल चौकोन दाखवायचा, अपडेट मागायचा, कंप्युटर हळू करायचा. "काय करून राहिला रे तू?" असं त्या पडद्याला विचारत. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की लग्न जमवणाऱ्याच्या दारात इतका आडमुठा माणूस चालत नाही.

मग एका बुधवारी ती मेल आली. पाठवणारीचं नाव नेहा, आडनाव नाही. इंग्रजीत दोन ओळी होत्या: माझा बायोडेटा आणि फोटो जोडला आहे, कृपया लवकर कळवावे. अशा मेल नोकरीच्या अर्जासारख्या दिसतात आणि कंपन्यांच्या ऑफिसांकडे ढिगाने जातात. आमच्या ऑफिसातही येतात आणि कुणी त्यांच्याकडे बघत नाही. काकूंनी मात्र ती मेल वाचली आणि त्यांचा जीव कळवळला. मुलीने स्वतःच फोटो पाठवलाय, म्हणजे बिचारीचं करणारं कुणी नसणार. 'लवकर कळवावे' म्हणते, म्हणजे वय होत आलेलं दिसतं.

त्यांनी फोटो उघडायला घेतला आणि चौकीदाराने तो तिथल्या तिथे धरला. लाल चौकोन, धोका आहे, फाइल वेगळी ठेवली आहे. एरवी त्या मला फोन करायच्या. पण त्या दिवशी त्यांना राग आला. कोणाच्या तरी पोरीचा फोटो आणि हा म्हणतो धोका. दारात आलेलं स्थळ न बघता परत पाठवायचं, हे त्यांच्या हातून आजवर झालं नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला, एकेक अक्षर वाचत कोठडीपर्यंत पोचल्या आणि नेहाला सोडवलं. पुन्हा अडवू नको, अशी चौकीदाराला ताकीद देणाऱ्या चौकोनातही टिचकी मारली.

फोटो काही उघडला नाही. काकूंनी लगेच उत्तर लिहिलं: बेटा, फोटो दिसत नाही, परत पाठव. घरी कोण कोण असतं तेही कळव. घरच्या सर्वांना नमस्कार.

पुढच्या रविवारी सकाळी मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. देशपांडेजींनी पंच्याहत्तरी ओलांडलेली, पणजोबा व्हायच्या बेतात आलेले. त्यांनी अतिशय हळू आवाजात विचारलं, "काकू, तुम्ही मला बायोडेटा आणि फोटो पाठवलाय. हे कशासाठी? इकडे सौ.ने वाचलंय." तो फोन ठेवतात तोवर दुसरा वाजला. जोडणी करून दिलेल्या जोडप्यांना, हातोदच्या पत्रिकावाल्या गुरुजींना, नळ दुरुस्त करणाऱ्याला, सगळ्यांना केंद्राच्या पत्त्यावरून स्थळ गेलं होतं. दोन मुलांच्या एका बापाने तर फोटो उघडत नसल्याची तक्रार केली, ती त्याच्या बायकोने ऐकली, आणि तिथे वेगळंच महाभारत झालं. सकाळभर आम्ही हसत होतो. काकूही हसल्या, पण फोन घेता घेता त्यांचं हसणं कमी होत गेलं.

मी आमच्या ऑफिसची मशीनं सांभाळणाऱ्या वर्माजींना बोलावलं. वर्माजी शांत माणूस, पान तोंडात असेपर्यंत बोलत नाही. त्यांनी नेटची वायर काढली, स्वतःच्या पेनड्राइव्हवरून तपासणी लावली आणि बराच वेळ पडदा बघत बसले. मग खिडकीतून पान थुंकून आले आणि म्हणाले, "भिया, ट्रोजन है. पासवर्ड चुराने वाला. पर आपके अँटिव्हायरस ने तो इसको पकड़ लिया था."

"मीच सोडलं," काकू म्हणाल्या. कुणी विचारलंही नव्हतं.

वर्माजींनी मग नीट सांगितलं. हा फोटोचं सोंग घेऊन आत येतो. आला की गाजावाजा करत नाही. कंप्युटरने लक्षात ठेवलेले पासवर्ड गोळा करतो, बोटांनी काय टाइप होतंय ते टिपतो आणि गुपचूप बाहेर पाठवतो. पासवर्ड हाती लागला की पलीकडचा चोर तुमच्याच नावाने मेल धाडतो, म्हणजे पुढची माणसं विश्वासाने उघडतात. आता चौकीदार याला काढून टाकेल, पण बाहेर गेलेला पासवर्ड परत आणणं त्याच्या हातात नाही. तो दुसऱ्या, चांगल्या मशीनवरून बदलावा लागेल.

काकू ऐकत होत्या. मुलगा इंजिनिअर म्हणून सांगायचा आणि बारावी नापास निघायचा, असले प्रकार त्यांनी आयुष्यभर हसत पकडले होते. त्यामुळे सोंग घेऊन येण्याचं त्यांना फारसं नवल वाटलं नाही. त्या अडल्या दुसऱ्याच गोष्टीवर.

"मतलब हा आत बसून ऐकत होता," त्या म्हणाल्या, "आणि बाहेर सांगत होता."

"जी," वर्माजी म्हणाले.

काकूंचा चेहरा उतरला. मला त्यांची दया आली, आणि तेही माझ्या चेहऱ्यावर दिसलं असणार, कारण त्या उठून उगाच पाण्याचा माठ बघून आल्या.

पासवर्ड मी माझ्या ऑफिसातल्या मशीनवरून बदलला. काकू शेजारी बसल्या होत्या. सगळीकडून लॉगआउट केलं, मोबाइलवर ओटीपी येईल अशी दुसरी कडीही लावली. नवा पासवर्ड अक्षरं, आकडे आणि चिन्हं मिसळून केलेला, कुणाचाही बाप ओळखणार नाही असा. काकूंनी तो दोनचारदा टाइप करून पाहिला. मग म्हणाल्या, "चांगला आहे रे. पण याच्यात कोणी नाही." मला एकदम रडू यायचंच बाकी राहिलं. आठवड्यातून दोनदा नवऱ्याचं नाव घ्यायची एकच जागा त्यांच्याकडे होती आणि ती मीच बंद करून दिली होती.

माझ्या मते प्रकरण तिथे संपलं होतं. वर्माजींचंही तेच म्हणणं होतं. असले चोर बँकेचे पासवर्ड शोधतात, मराठी मुलामुलींच्या सोयरिकी वाचत बसत नाहीत. काकूंनी त्यांना विचारलं, "वाचलं नाही हे तुम्हाला माहीत आहे, का तुम्हाला वाटतं?" वर्माजींनी प्रामाणिकपणे सांगितलं की वाटतं.

"मग सांगावं लागेल," काकू म्हणाल्या.

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. ज्यांनी ज्यांनी मेलवर काही खाजगी लिहिलं होतं, त्या प्रत्येकाला फोन. सगळ्यांना तेच: तुमची गोष्ट माझ्याकडून बाहेर गेली असेल, चूक मशीनची नाही, माझी आहे. मी आडवा आलो. देशपांडेजी म्हणाले, केंद्र बुडेल. काकू म्हणाल्या, बुडेल तर बुडेल. पुष्कळ लोकांनी हसण्यावारी नेलं. काहींनी नावं काढून घेतली. एका बाईने तोंडाला येईल ते सुनावलं आणि काकूंनी ते पूर्ण ऐकून घेतलं.

महूच्या गायकवाड सुभेदारांना मात्र फोन करायचा नाही, घरी जाऊन सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. सुभेदार फौजेतून निवृत्त झालेले. त्यांची मुलगी प्रज्ञा बँकेत नोकरीला होती. तिच्याबद्दलची एक गोष्ट सुभेदारांनी काकूंना मेलवर लिहिली होती. ती काय होती ते मला माहीत नाही, पण देवासच्या एका चांगल्या मुलाशी तिचं बोलणं चाललं होतं आणि योग्य वेळी ती गोष्ट मुलाकडे कशी सांगायची, हे सगळं काकूंवर सोपवलेलं होतं. ती बाहेरून, भलत्या तोंडून देवासला पोचली असती तर जमत आलेलं मोडलं असतं.

मी त्यांना माझ्या गाडीतून महूला घेऊन गेलो. घर नीटनेटकं होतं. बाहेरच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली सुभेदारांची पदकं. प्रज्ञाने पाणी आणलं आणि ती दारातच उभी राहिली. काकू बसल्या नाहीत. उभ्यानेच त्यांनी सगळं सांगितलं, फाइल मी सोडवली, हेसुद्धा.

शेवटी सुभेदार म्हणाले, "बाई, मी लिहायच्या आधी तुम्हाला विचारलं होतं, हे तुमच्याशिवाय कोणी वाचणार नाही ना. तुम्ही हो म्हणाला होता."

"म्हणाले होते," काकू म्हणाल्या.

"तर मग आमचं नाव काढून टाका."

ओरडले असते तर बरं झालं असतं. परत येताना मी काहीतरी बोलायचं म्हणून नव्या अँटिव्हायरसची गोष्ट काढली, तर त्यांनी खिडकीची काच खाली केली.

त्यानंतर खोलीवरची वर्दळ ओसरली. काकू ठरलेल्या वेळी येत, चौकीदाराला अपडेट करू देत आणि तो म्हणेल ते मुकाट्याने ऐकत. त्यांनी त्याच्याशी भांडणं सोडलं, हे मला सहन होत नसे. लोकांना त्या सांगू लागल्या की मेलवर नावगाव, शिक्षण एवढंच लिहा, बाकीचं समोर येऊन. लोक हो म्हणत, पण समोर येऊन सांगायला फारसं कुणी येत नव्हतं. एका बुधवारी त्या म्हणाल्या, "मोहन, दिवाळीनंतर किल्ली मंडळाला देऊन टाकते." मी नाही म्हणालो.

त्याच महिन्यात एका रविवारी प्रज्ञा आली. एकटीच. जिना चढून आल्यामुळे दम लागला होता. काकूंना वाटलं, वडिलांनी काही निरोप पाठवला असेल, म्हणून त्या घाईने उभ्या राहिल्या. प्रज्ञा म्हणाली, "बाबांना माहीत नाही मी आली ते. काकू, त्यांनी तुम्हाला लिहिलं तेव्हा मला विचारलं नव्हतं. त्यांनी लिहिलं ते पूर्ण नाही. पूर्ण काय ते फक्त मला माहीत आहे."

काकू म्हणाल्या, "बेटा, मला कशाला सांगतेस? माझ्याकडून एकदा गेलंय."

"गेलं ते तुम्ही घरी येऊन सांगितलं. कोण सांगतं?" प्रज्ञा म्हणाली. "मला देवासला त्याच्याशी स्वतः बोलायचंय. त्याच्या आधी एकदा कोणाला तरी मोठ्याने सांगून बघायचंय."

काकूंनी तिला खुर्ची दिली. मग त्या टेबलामागे गेल्या, वाकल्या आणि कंप्युटरचा प्लग भिंतीतून ओढून काढला. कंप्युटर बंदच होता. स्वतःचा मोबाइल त्यांनी माझ्या हातात ठेवला आणि तो व माझा असे दोन्ही घेऊन खाली जा, म्हणून सांगितलं. मी जायला वळलो तर म्हणाल्या, दार ओढून घे.

मी जिन्यात थांबलो. खाली कुणीतरी पितळी बादली ठोकून बघत होतं. तो आवाज थांबला की वरून प्रज्ञाचा बोलण्याचा सूर यायचा, शब्द कळायचे नाहीत. बराच वेळ ती बोलत होती आणि काकू एक अक्षर बोलत नव्हत्या. मग दार उघडलं, प्रज्ञा रुमालाने तोंड पुसत माझ्या बाजूने खाली उतरून गेली. आत काकू तशाच बसल्या होत्या, हात मांडीवर ठेवून, खूप दिवसांनी ताठ.

मी विचारलं, "काय म्हणत होती?"

"कोण?" काकू म्हणाल्या, आणि चष्मा पुसायला घेतला.